तत्त्वज्ञान आणि वंश या विषयावर कॉलेजच्या ग्रंथालयात अभ्यास कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, तत्त्वज्ञानाच्या वर्गासाठी वंश या विषयावर निबंध लिहायचाय, आणि ग्रंथालयात तत्त्वज्ञानाच्या सगळ्या रांगा पालथ्या घालूनही फारसं काही हाताला लागलं नाही. माझं एम.ए. तिकडेच झालं आणि प्रबंध याच विषयावर होता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुस्तकं तिथे आहेत, पण एका जागी नाहीत. तुमच्या ग्रंथालयात लायब्ररी ऑफ काँग्रेसची (अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची) वर्गवारी असेल तर तत्त्वज्ञान ‘बी’ अक्षराखाली येतं. वंशावरची सर्वसाधारण पुस्तकं मात्र ‘एचटी 1501’ च्या पुढे असतात, आणि कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंतांचं बरंचसं लेखन ‘ई 185’ मध्ये, म्हणजे अमेरिकेच्या इतिहासात. कवट्या आणि नाकं मोजणारं जुनं मानववंशशास्त्र ‘जीएन’ मध्ये. ड्यूई ही आकड्यांनी वर्गवारी करणारी दुसरी पद्धत असेल तर 305.8 बघा. कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस हार्वर्डमध्ये विल्यम जेम्स या तत्त्वज्ञाकडे तत्त्वज्ञान शिकले, तरी त्यांचं 1903 चं ‘द सोल्स ऑफ ब्लॅक फोक’ तुम्हाला जेम्सच्या शेजारी मिळणार नाही. ते इतिहासाच्या रांगेत असेल.

ही विभागणी सहज झालेली नाही, आणि माझ्या मते तुमच्या विषयाचा तो एक भागच आहे. वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात 1930 पासून डोरोथी पोर्टर या ग्रंथपाल होत्या. त्या काळी ड्यूई पद्धत वापरणाऱ्या कित्येक ग्रंथालयांत कृष्णवर्णीयांशी संबंधित सगळं काही दोनच आकड्यांत कोंबलेलं असायचं: 326 म्हणजे गुलामगिरी आणि 325 म्हणजे वसाहतीकरण. जेम्स वेल्डन जॉन्सन या कृष्णवर्णीय कवीच्या कवितांचं पुस्तकसुद्धा 325 मध्ये! पोर्टरबाईंनी हे साफ नाकारलं आणि कविता कवितेत, तत्त्वज्ञान तत्त्वज्ञानात अशी आपल्या संग्रहाची मांडणी केली. यातून एक उपयोगाची गोष्ट लक्षात ठेवा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या विषयसूचीत ‘निग्रोज’ हे शीर्षक 1970 च्या दशकापर्यंत चालू होतं. त्यामुळे जुन्या नियतकालिकांच्या सूच्या चाळताना आजचे शब्द टाकून फारसं काही सापडत नाही. वाचायला कितीही खुपलं तरी त्या काळचेच शब्द टाकावे लागतात. नव्या पुस्तकांसाठी कॅटलॉगमध्ये ‘सब्जेक्ट’ हा पर्याय निवडून ‘रेस – फिलॉसॉफी’ ही जोडी शोधा. नुसतं ‘रेस’ टाकलंत तर निवडणुका आणि मोटारींच्या शर्यतीसुद्धा येतील.

आता निबंधाबद्दल. ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आणि वंश’ एवढा मोठा विषय कृपा करून घेऊ नका. एक तळटीप घ्या. खरंच, एकच.

अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याचा राष्ट्रीय स्वभावांवरचा निबंध 1748 चा. त्याला त्याने 1753 च्या आवृत्तीत एक टीप जोडली. गोऱ्यांखेरीज माणसांच्या इतर सगळ्या जाती (त्याचा शब्द ‘स्पीशीज’), विशेषतः निग्रो, स्वभावतःच कमी प्रतीच्या असाव्यात असा आपल्याला संशय आहे, असं तो तिथे म्हणतो. जमैकातल्या एका विद्वान कृष्णवर्णीयाची लोक तारीफ करतात, पण तो चार शब्द स्पष्ट बोलणाऱ्या पोपटासारखा असेल, असंही म्हणतो. ह्यूमने नाव दिलेलं नाही, पण हा फ्रान्सिस विल्यम्स असं मानलं जातं. लॅटिनमध्ये कविता करणारा हा माणूस! ह्यूम 1776 मध्ये वारला आणि 1777 साली त्याची शेवटची सुधारलेली आवृत्ती निघाली. तीत ती टीप बदललेली आहे. इतर ‘जातीं’चा उल्लेख काढून टाकलाय, रोख फक्त कृष्णवर्णीयांवर ठेवलाय. म्हणजे पुन्हा हात फिरवताना त्याने ते विधान मागे घेतलं नाही, नेमकं केलं. हे कळायला दोन्ही पाठ शेजारी शेजारी ठेवावे लागतात. नेटवर फिरणाऱ्या अवतरणांत कुठला पाठ आहे हे बहुधा लिहिलेलंच नसतं. यूजीन मिलर यांनी संपादित केलेल्या ह्यूमच्या निबंधसंग्रहात 1777 चा पाठ आहे आणि मागे पाठभेद दिलेत. तुमच्या ग्रंथालयात तो असण्याची शक्यता बरीच आहे. नसला तर इंटरलायब्ररी लोनने, म्हणजे तुमच्या ग्रंथालयामार्फत दुसऱ्या ग्रंथालयातून, मागवा.

हे वाचताना तुम्हाला त्रास होईल. मलाही झाला, ज्याच्या तर्कावर मी भाळले होते त्याच माणसाचं हे लिखाण होतं. पण म्हणून ते मऊ करून लिहू नका. एकदा मूळ शब्द जसेच्या तसे द्या, आवृत्तीच्या सालासकट, आणि मग आपलं म्हणणं मांडा.

वर्गात कोणीतरी हमखास म्हणेल, “त्या काळात सगळेच असं मानायचे.” हे खरं की खोटं ते ग्रंथालयातच तपासता येतं, आणि मला विचाराल तर तुमच्या निबंधाचा कणा तोच व्हावा. सगळे तसं मानत नव्हते. जेम्स बीटी या स्कॉटिश लेखकाने 1770 मध्येच ह्यूमला उत्तर दिलं: दोन हजार वर्षांपूर्वी ब्रिटन आणि फ्रान्समधले लोकही असेच रानटी होते, मग त्यावरून त्यांच्या बुद्धीबद्दल काय सिद्ध होतं? त्याच्याही आधी, 1734 मध्ये, आजच्या घानामधल्या अक्सिमजवळ जन्मलेल्या अँटन विल्हेल्म आमोने जर्मनीत विटेनबर्गला मनाच्या स्वरूपावर लॅटिन प्रबंध सादर केला होता. पुढे तो हाले आणि येना इथे शिकवायचा. ह्यूमची टीप यायच्या जवळजवळ वीस वर्षं आधीची ही गोष्ट. आमोचे प्रबंध 2020 मध्ये ऑक्सफर्डने लॅटिन आणि इंग्रजी समोरासमोर छापलेत, त्यामुळे आता ते वाचायला अडचण नाही.

ह्यूमऐवजी जर्मन तत्त्वज्ञ कांट घ्यायचा असेल तर तेही जमेल, फक्त पसारा वाढेल. 1775, 1785 आणि 1788 असे त्याचे वंशावरचे तीन लेख मुख्य, आणि तिन्ही इंग्रजीत केंब्रिजच्या 2007 च्या एकाच खंडात आहेत. पहिल्या लेखात तो माणसांचे चार वंश करतो आणि त्यातला एक आपला, हिंदुस्थानी. कोनिग्सबर्गच्या आसपासचा मुलूख सोडून कुठेही न गेलेल्या माणसाने प्रवासवर्णनं वाचून केलेली ही वाटणी. तिच्यावर 1786 मध्ये हरकत घेतली ती गेओर्ग फोर्स्टरने, जो दर्यावर्दी कॅप्टन कुकच्या जहाजावरून खरोखर जगप्रदक्षिणा करून आला होता. कांटचा 1788 चा लेख हे त्यालाच दिलेलं उत्तर आहे. कांटने 1790 च्या दशकात आपलं मत बदललं असं पाउलिन क्लाइंगेल्ड यांनी 2007 च्या लेखात मांडलंय. रॉबर्ट बर्नास्कोनी यांच्यासारख्या अभ्यासकांना ते पटत नाही. असा वाद सापडला की सोडू नका. दोघांच्या तळटिपांवरून मागे जा, ‘सायटेड बाय’वरून, म्हणजे त्या लेखाचा हवाला देणाऱ्या नंतरच्या लेखांच्या यादीवरून, पुढे या. आठवड्याभरात तुमच्याकडे निबंधाला पुरेल एवढी सामग्री जमेल. सुरुवातीचा नकाशा हवा असेल तर स्टॅनफर्डच्या तत्त्वज्ञानकोशातली ‘रेस’ ही नोंद वाचा. ती नेटवर मोफत आहे.

तुम्ही शेवटी विचारलंय की जातीचा मुद्दा यात आणावा का. आणा, पण आधी बाबासाहेबांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ नीट वाचून. 1936 मध्ये ते तिथे स्पष्ट लिहितात की जात ही वांशिक विभागणी नाही, एकाच वंशाच्या लोकांची केलेली सामाजिक विभागणी आहे. पंजाबच्या ब्राह्मणाचं मद्रासच्या ब्राह्मणाशी वांशिक नातं काय, असं ते विचारतात. म्हणून ‘जात म्हणजे भारतातला वंशभेद’ असं एका वाक्यात लिहून मोकळं होऊ नका. तुलना मात्र जुनी आणि आपल्याच माणसांनी केलेली आहे. जोतीरावांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामी नष्ट करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. आणि 1946 मध्ये बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. ड्यू बॉइसचं उत्तरही आहे, 31 जुलै 1946 चं. ड्यू बॉइसची कागदपत्रं मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट इथल्या ग्रंथालयात आहेत. हा पत्रव्यवहार त्यांनी स्कॅन करून नेटवर ठेवलाय, तेव्हा तो दुसऱ्या कोणाच्या लेखातून उचलू नका, मूळ पत्रच उघडा आणि संदर्भ त्याचाच द्या.

निबंध किती पानांचा आहे ते कळवलंत तर यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं तेही सांगेन. दहा पानांच्या आत असेल तर माझं मत ह्यूम, बीटी आणि आमो, एवढंच.