डबल बाँड फिरत का नाही?

प्रश्न: ऑरगॅनिक केमिस्ट्रीमध्ये सध्या अल्कीन (कार्बन-कार्बन डबल बाँड असलेले पदार्थ) चालू आहे. ब्यूटेनमधला मधला बाँड कसाही फिरतो म्हणे, मग 2-ब्यूटीनचे सिस (दोन्ही टोकांचे ग्रुप डबल बाँडच्या एकाच बाजूला) आणि ट्रान्स (विरुद्ध बाजूंना) असे दोन वेगळे पदार्थ कसे काय होतात? आणि मार्कोव्हनिकोव्हचा नियम (हायड्रोजन जातो तो आधीच जास्त हायड्रोजन असलेल्या कार्बनला) पाठ केलाय पण पेरॉक्साइड (ऑक्सिजन-ऑक्सिजन बाँड असलेला पदार्थ) टाकलं की तो उलटा होतो, हे सगळं लक्षात कसं ठेवायचं?

उत्तर: पाठ करूच नका, खरंच. दोन्हीचं उत्तर पाय बाँडमध्येच आहे. डबल बाँड म्हणजे दोन सारखे बाँड नाहीत हो, एक सिग्मा, तो दोन कार्बनच्या बरोबर मधे, आणि एक पाय, जो शेजारशेजारच्या पी ऑर्बिटल्स (इलेक्ट्रॉन सापडतात त्या डंबेलसारख्या जागा) वरून-खालून एकमेकींत मिसळून होतो. आता एक कार्बन 90 अंशांनी फिरवून बघा, सिग्माला काहीच होत नाही पण पी ऑर्बिटल्स काटकोनात येतात आणि पाय बाँड तुटतो. त्याला मोलमागे साधारण 270 किलोज्यूल लागतात, ब्यूटेनला फिरायला 25 सुद्धा पुरतात. एवढी एनर्जी नेहमीच्या तापमानाला मिळत नाही, म्हणून सिस सिसच राहतो आणि ट्रान्स ट्रान्स. सिस साधारण 4 अंश सेल्सियसला उकळतो, ट्रान्स 1 ला, कारण सिसमध्ये थोडा डायपोल (एका बाजूला किंचित प्लस, दुसऱ्या बाजूला किंचित मायनस) उरतो आणि ट्रान्समध्ये तो कॅन्सल होतो. मात्र दोन्ही कार्बनवर दोन-दोन वेगळे ग्रुप हवेत, म्हणून 1-ब्यूटीनला सिस-ट्रान्स नाही.

आता रिअ‍ॅक्शन. पाय बाँडचे इलेक्ट्रॉन बाहेरच्या बाजूला आणि सैल धरलेले, त्यामुळे इलेक्ट्रोफाइल, म्हणजे इलेक्ट्रॉन शोधणारा कण, तिथेच येतो. प्रोपीनला एचबीआर (हायड्रोजन ब्रोमाइड) दिला की आधी प्रोटॉन (H⁺) टोकाच्या कार्बनला चिकटतो, कारण त्यामुळे मधल्या कार्बनवर सेकंडरी कार्बोकॅटायन (प्लस चार्जचा कार्बन, दोन कार्बनना जोडलेला) तयार होतो आणि तो प्रायमरीपेक्षा (एकाच कार्बनला जोडलेला) बराच स्थिर, मग ब्रोमाइड मधे येतो आणि 2-ब्रोमोप्रोपेन मिळतो. मार्कोव्हनिकोव्हचा नियम आला 1870 च्या सुमारास, तेव्हा इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता, त्यामागचं कारण नंतर कळलं!

पेरॉक्साइड असलं की ब्रोमिनचा रॅडिकल (एक एकटा इलेक्ट्रॉन असलेला अणू) तयार होतो आणि तोच आधी टोकाला चिकटतो, म्हणजे सेकंडरी रॅडिकल मधे, हायड्रोजन नंतर, म्हणून 1-ब्रोमोप्रोपेन. नीट बघा, उलटं काहीच झालेलं नाही, जो आधी येतो तो दोन्ही वेळा टोकालाच गेला, फक्त आधी कोण आलं ते बदललं. मला हा भाग फार सुंदर वाटतो. हे एचबीआरलाच जमतं. एचसीएलचा (हायड्रोजन क्लोराइडचा) बाँड इतका घट्ट की त्यातला हायड्रोजन काढणं महागात पडतं आणि एचआयमधून (हायड्रोजन आयोडाइडमधून) येणारा आयोडिनचा रॅडिकल डबल बाँडला नीट जोडलाच जात नाही, त्यामुळे दोन्हीकडे एका रॅडिकलपासून पुढचा रॅडिकल तयार होण्याची साखळी थांबते.

एक काम करा, सिस आणि ट्रान्स 2-ब्यूटीनला ब्रोमिन जोडून कागदावर काढा, दोन ब्रोमिन विरुद्ध बाजूंनी येतात हे धरून. सिसपासून रेसेमिक मिश्रण (एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमा असलेल्या दोन रूपांचं निम्मं-निम्मं मिश्रण) मिळेल, ट्रान्सपासून मेसो (ज्याची आरशातली प्रतिमा तोच असतो). नाही मिळालं तर चित्र पाठवा, कुठे अडलं ते बघू.