नवी मंडळी उभी करताना

प्रिय भावा, नवी मंडळी, म्हणजे चर्चचा स्थानिक समुदाय, उभी करताना जागा शोधायची घाई करू नकोस. चार-पाच कुटुंबं दर आठवड्याला कुणाच्या घरी प्रार्थनेला आणि बायबलमधल्या वचनाच्या अभ्यासाला जमू लागली, की मंडळी सुरू झालीच. बायबलमधल्या अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरीही मंडळी जमायची. त्यांच्याबरोबर करिंथ शहरात प्रेषित पौल तंबू शिवून पोट भरत होता. तूही इतक्यात नोकरी सोडू नकोस. पाळकाचा, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूचा, पगार नव्या मंडळीला झेपत नाही.

पैशाबाबत मात्र पहिल्या रविवारपासून काटेकोर राहा. उपासना संपताच दानार्पण दोघांनी मिळून मोजायचं, वहीत आकडा लिहून दोघांनी सह्या करायच्या. ते दोघे एकाच घरातले नसावेत, आणि तू स्वतः पेटीला हात लावायचा नाहीस. उद्या कुणी बोट दाखवलं तर त्या सह्याच तुझ्या कामी येतील.

दुसऱ्या मंडळीतले नाराज लोक येतील. त्यांचं प्रेमाने ऐकून घे, पण आधी त्यांच्या पाळकांशी बोल. अशा भरतीला मी वाढ मानत नाही. खरी वाढ भेटींतून होते. कुणी आजारी असेल तर उशाशी जाऊन बस. नवा माणूस उपासनेला आला, की त्याच आठवड्यात त्याच्याकडे कुणीतरी गेलंच पाहिजे.

प्रवचन, गायन, संडे स्कूल सगळं एकट्याने ओढू नकोस. यरुशलेममधल्या पहिल्या मंडळीतसुद्धा अन्नवाटपासाठी वेगळे सात जण निवडले होते. मंडळीचे वडील, म्हणजे तिची देखरेख करणारे जबाबदार लोक, नेमताना मात्र सावकाश जा. माणूस आपल्या घरात कसा वागतो ते आधी बघ.