परिषदेला जाताना गावाची वही सोबत न्या

शाश्वत विकास आणि आपत्तीतून गावाने सावरणं, या विषयांवरच्या परिषदांची निमंत्रणं आता वाडीवस्तीपर्यंत येऊ लागली आहेत. पहिल्यांदाच जाणाऱ्या वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांतले काही इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका ग्रामपंचायतीची सदस्य आहे. दोन दिवसांच्या परिषदेचं बोलावणं आलं आहे. एकाच वेळी तीन-तीन सत्रं आहेत. अशा ठिकाणी कधी गेले नाही. तयारी काय करू?

ताई, कार्यक्रमपत्रिका थोडी बाजूला ठेवा आणि आधी गावात फिरा. तुमच्या तालुक्याने ३ जून २०२०चं निसर्ग चक्रीवादळ अंगावर घेतलं आहे. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आलं आणि मंडणगड-दापोलीपर्यंत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या करून गेलं. पंचनाम्यात पडलेली झाडं आणि उडालेले पत्रे मोजले गेले. पण गाव कशापायी अडलं आणि कशाच्या बळावर चाललं, ते पंचनाम्यात सापडत नाही. ते माणसांनाच विचारावं लागतं.

लाईनमनला विचारा, वीज कुठल्या वाडीत आधी आली, कुठल्या वाडीत सगळ्यात शेवटी, आणि का. कित्येक गावांत तेव्हा आठवडेच्या आठवडे अंधार होता. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून नळाला पाणी नाही. मग लोकांनी पाणी कुठून आणलं? कोणत्या जुन्या विहिरीवर रहाट अजून शाबूत होता? आशाताईंना विचारा, औषधावाचून कुणाचं अडलं, कुणाला डोलीतून न्यावं लागलं. बागायतदाराला विचारा, पोफळी गेल्यावर खालच्या जायफळ-मिरीचं काय झालं, कारण सावली गेली की तीही होरपळतात. नवी पोफळ धरायला पाच-सात वर्षं जातात. तोवर घर कशावर चाललं?

हे सगळं एका वहीत लिहा. मे महिन्यात विहिरींना किती पाणी असतं तेही लिहा. वाड्या, विहिरी, पऱ्या (ओढे), शाळा आणि समाजमंदिर दाखवणारा हाताने काढलेला नकाशा जोडा. मग वही वाचून गावाचा एकच प्रश्न ठरवा. समजा तो असा निघाला : वीज दहा दिवस गेली तरी प्यायचं पाणी चालू कसं ठेवायचं? आता पत्रिका उघडा, निवड आपोआप होईल. मोठ्या सभागृहातलं उद्घाटन चुकलं तरी चालेल, पण छोट्या खोलीत नळपाणी योजनेवर किंवा सौरपंपावर बोलणारा अभियंता चुकवू नका. कृषी विद्यापीठाचं कुणी आलं असेल तर बाग पुन्हा उभी करताना आधी काय लावायचं आणि वारा कशाने अडवायचा, हे त्यांना नकाशा दाखवून विचारा.

आणि जो कुणी पडद्यावर यशस्वी प्रकल्प दाखवेल, त्याला एक गोष्ट जरूर विचारा : तिसऱ्या वर्षी याची दुरुस्ती कोण करतं, आणि पैसे कुठून येतात? पहिल्या वर्षीचे फोटो सगळ्यांचेच चांगले असतात. गंजलेला पंप आणि बंद पडलेली बॅटरी आपण कितीतरी गावांत पाहतो, म्हणून हा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

प्रश्न : आम्ही मालवणकडचे रापणकर, किनाऱ्यावरून रापणीचं मोठं जाळं ओढून मासे धरणारे. मला परिषदेत ‘मच्छीमार प्रतिनिधी’ म्हणून बोलावलंय. तिथे सगळे इंग्रजीत बोलणार, पडद्यावर आलेख दाखवणार. मी गप्प बसून यायचं काय?

मुळीच नाही, दादा. पहिलं काम आजच करा : आयोजकांना फोन करून सांगा की मराठीत सांगणारं माणूस लागेल. ही मागणी आधी केली तर बहुधा मान्य होते, ऐन वेळी केली तर कुणाच्याच हातात काही नसतं. ही मागणी करताना संकोच वाटू देऊ नका. किनाऱ्याविषयीची परिषद किनाऱ्यावरच्या माणसाला कळत नसेल तर ती उणीव आयोजनाची आहे.

बोलायला मिळेल एखादं मिनिट. त्यात लांब प्रस्तावना नको. गावाचं नाव, वर्ष, काय झालं आणि प्रश्न, एवढंच. तौक्ते चक्रीवादळाच्या वेळी, मे २०२१मध्ये, होड्या कुठे ओढल्या, किती वर ओढाव्या लागल्या, इशारा किती आधी पोचला, हे तुमच्याइतकं नेमकं त्या सभागृहात कुणीच सांगू शकणार नाही. हवामान खातं वादळाचा इशारा देतं, हैदराबादची इन्कॉईस ही संस्था लाटांचे इशारे आणि मासे कुठे सापडतील याचा अंदाज देते. त्यांचा माणूस समोर असेल तर सांगा, निरोप कोणत्या वेळी आला तर उपयोगी पडतो आणि कोणत्या वेळी तो वाया जातो.

दुसरा एक विषय तुम्ही उचलावा असं मला मनापासून वाटतं, तो किनारा व्यवस्थापनाच्या नकाशांचा. सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, २०१९च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर, म्हणजे २०११च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २१६१हून अधिक माणसं असतील तिथे, ना-विकास क्षेत्र (जिथे नव्या बांधकामाला सहसा मनाई असते) भरतीरेषेपासून ५० मीटरवर आणलं. बाकी ग्रामीण किनाऱ्यावर ते २०० मीटर राहिलं. या नकाशांत मच्छीमारांच्या सामाईक जागाही दाखवायच्या असतात. तर विचारा : आमच्या रापणीची जागा, मासे सुकवायची वाळू, होड्या लावायची जागा नकाशावर आहे का? नसेल तर ती नोंदवायला कुणाकडे अर्ज करायचा? जी जागा नकाशावर नाही, तिच्यावर उद्या दुसरं काही उभं राहताना तुमच्या हातात कागद नसतो. उत्तर देणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालय तिथल्या तिथे लिहून घ्या.

जाताना आणखी एका रापणकराला सोबत न्या, जमलं तर मासळी विकणाऱ्या एखाद्या ताईंना. सुकवण्याच्या जागेबद्दल त्या तुमच्यापेक्षा जास्त सांगतील.

प्रश्न : मी चिपळूणला पर्यावरणशास्त्र शिकते. ‘नेटवर्किंग कर’ असं सगळे सांगतात. मला अनोळखी माणसांशी बोलायला जमत नाही.

ओळखींचा ढीग जमवायची गरज नाही. ज्यांचं काम तुला खरोखर आवडलं अशी दोन माणसं पुरे. चहाच्या वेळी त्यांच्या बोलण्यातलाच एखादा मुद्दा धरून विचार, आणि त्याच रात्री चार ओळींचा निरोप पाठव. तुझ्याकडे सांगण्यासारखंही आहे : २२ जुलै २०२१च्या पुरात तुमच्या घरापाशी पाणी कुठवर आलं, किती वाजता चढलं, कधी उतरलं. पुरानंतर चिपळूणकरांनी साखळी उपोषण करून वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढायची मागणी लावून धरली, तेव्हा अशा नोंदींनाच वजन होतं. आळीतल्या भिंतींवरच्या पूररेषा मोजून नेल्यास तर अनोळखी माणसंच तुझ्याशी बोलायला येतील.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, मुक्काम गुहागर. स्पष्टच विचारतो. पुष्पगुच्छ, पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या, ठराव, आणि पुढे काहीच नाही. जाण्यात काय अर्थ?

गुरुजी, तुमचा राग योग्य आहे, आणि बाटल्यांबद्दल तर आयोजकांना आधीच लिहा. माठ आणि स्टीलचे पेले मिळू शकतात.

काम मंचावर होत नाही हेही खरं. मंडणगड तालुक्यातलं वेळास घ्या. तिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी वाचवायचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२च्या सुमारास सुरू केलं. पूर्वी हीच अंडी खाण्यासाठी काढली जात. गावातली माणसं पहाटे किनाऱ्यावर फिरू लागली, घरटी जपू लागली, पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या राहण्या-जेवणातून घरांना पैसा मिळू लागला. हे सगळं घडलं वाळूवर आणि घरांच्या पडवीत, वर्षानुवर्षं.

पण असं काम करणारं दुसऱ्या गावचं माणूस समोरासमोर भेटायचं ठिकाण म्हणून परिषद मला महत्त्वाची वाटते. खाऱ्या पाण्यापासून शेत राखणारी खारबंदिस्ती फुटलेल्या गावाने बांध पुन्हा कसा घातला, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत महिला कांदळवन सफारी कशी चालवतात, पैशांची वाटणी कशी होते, भांडण झालं तर कोण मिटवतं, हे अहवालात क्वचित येतं. ते जेवणाच्या पंगतीत कळतं. तेव्हा भाषणं टाळलीत तरी माणसं टाळू नका. आणि मधल्या प्रश्नोत्तरांत उठून विचारा : मागच्या वर्षीच्या ठरावांपैकी किती पुरे झाले? शिक्षकाने विचारलेला प्रश्न सभागृह ऐकतं.

प्रश्न : लांजा तालुक्यातला उपसरपंच आहे. अशा ठिकाणाहून येताना उत्साह असतो, आठवड्याभरात सगळं विरतं. काय करावं?

आल्यावर तीन दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत बसून एक पान लिहा : काय ऐकलं, आपल्याकडे काय चालेल, काय चालणार नाही. मग ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तारखा तुम्हाला पाठ आहेत. पुढच्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून त्या सभेला विषय गेलाच पाहिजे. आराखड्यात ओळ नसेल तर निधी मागायला जागाच राहत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेला होता. पुढच्या काळातली विभागणी ग्रामसेवकांकडून (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) समजून घ्या आणि आपलं काम कोणत्या शीर्षात बसतं ते ठरवा.

निधीची वाट न पाहता करता येईल असं एक काम लगेच हाती घ्या, म्हणजे लोक सोबत राहतात. आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि तरी मे महिन्यात टँकर येतो, कारण कातळावरून पाणी धावत समुद्राला जातं. पाऊस ओसरल्यावर पऱ्या वाहता असतानाच वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या गोणींचा कच्चा बांध, घालायचा असतो. उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. तेव्हा गणपती आटोपले की सिमेंटच्या रिकाम्या गोणी गोळा करायला लागा, कोणती वाडी कोणत्या पऱ्यावर येणार ते ठरवा, आणि बंधारा घालण्याआधी खालच्या विहिरीचं पाणी मोजून तारखेसह लिहून ठेवा. मे महिन्यात पुन्हा मोजा. पुढच्या परिषदेला तो आकडा घेऊन जा.