सुट्टीतला क्लब आणि आईचा उतरलेला आवाज

‘शाळेनं सुट्टीतल्या क्लबचा कोड पाठवलाय, पण मुलगी जायला तयारच नाही. जबरदस्ती करावी का?’ जुलै उजाडला की इंग्लंडमधल्या मराठी आयांकडून हा प्रश्न मला हमखास येतो. त्याच्या आड आणखी एक प्रश्न असतो, तो ओठांवर यायला वेळ लागतो: पाठवलं तर लोक काय म्हणतील?

२०२३ च्या उन्हाळ्यात माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका कुटुंबाबद्दल सांगते. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

स्वाती केअर होममध्ये काम करते. नवरा एजन्सीमार्फत एका गोदामात रात्रपाळी करायचा. वसंतात त्याचं काम आटलं, आठवड्याला एखादी पाळी मिळाली तर मिळाली. मुलगी ईश्वरी आठ वर्षांची. शाळेत तिला फ्री स्कूल मील, म्हणजे कमी उत्पन्नामुळे मिळणारं दुपारचं मोफत जेवण, सुरू झालं होतं, आणि म्हणूनच शाळेनं सुट्टीतल्या क्लबमध्ये मोफत जागा नोंदवायचा कोड स्वातीच्या फोनवर पाठवला होता. स्वातीनं दोनदा ईश्वरीला विचारलं. दोन्ही वेळा ईश्वरीनं पोट दुखतंय म्हणून सांगितलं.

हा क्लब म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ‘हॉलिडे अ‍ॅक्टिव्हिटीज अँड फूड’ हा ब्रिटन सरकारचा इंग्लंडपुरता कार्यक्रम आहे. २०१८ मध्ये तो काही भागांत करून पाहिला आणि २०२१ पासून इंग्लंडभर सुरू झाला. कमी उत्पन्नामुळे फ्री स्कूल मील मिळणाऱ्या, रिसेप्शनपासून इयर इलेव्हनपर्यंतच्या (साधारण चार ते सोळा वर्षांच्या) मुलांसाठी तो मुख्यतः आहे. उन्हाळ्यात साधारण चार आठवडे, ईस्टर आणि ख्रिसमसला एकेक आठवडा. आठवड्यातले चार दिवस, दिवसाला चार तास. खेळ, कला, थोडा स्वयंपाक आणि रोज किमान एक नीट जेवण. एक घोटाळा मात्र नेहमी होतो. रिसेप्शन ते इयर टू या (साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांच्या) वर्गांत इंग्लंडमधल्या सरकारी शाळांतल्या सगळ्याच मुलांना दुपारचं जेवण मोफत असतं. तेवढ्यावरून कोड मिळत नाही.

स्वाती पहिल्यांदा आली तेव्हा क्लबबद्दल बोललीच नाही. सुट्टी लागल्यापासून ईश्वरी दिवसभर टॅबलेटवर असते, एवढंच तिचं गाऱ्हाणं. मी विचारलं, बाबा घरी असतात ना? असतात, पण रात्रपाळीची सवय सुटली नव्हती, दुपारपर्यंत झोपायचे. ‘आणि ती आवाज बंद करूनच बघते, ताई,’ स्वाती म्हणाली. ‘बाबांची झोपमोड नको म्हणून.’ आठ वर्षांची पोर सकाळी आठपासून बाराएकपर्यंत मुकी कार्टून बघत बसलेली. स्वातीनं ते सहज सांगितलं होतं, मला मात्र पुढचा तासभर तेच दिसत होतं.

मग क्लबचा विषय निघाला, आणि एक गोष्ट माझ्या कानांनी टिपली. ‘शाळेकडून कोड आलाय’ हे स्वाती नेहमीच्या आवाजात बोलली. ‘फ्री आहे’ म्हणताना तिचा आवाज एकदम खाली गेला. खोलीत आम्ही दोघीच होतो, दार बंद होतं.

तिच्या मनात दोन भीत्या होत्या. पहिली कागदाची. तिच्या रेसिडेन्स परमिटच्या कार्डावर ‘नो पब्लिक फंड्स’, म्हणजे सरकारी मदतीवर हक्क नाही, असं छापलेलं होतं. हे जेवण घेतलं आणि उद्या व्हिसाच्या आड आलं तर? या देशात इमिग्रेशनचा सल्ला द्यायला नोंदणी लागते आणि ती माझ्याकडे नाही, म्हणून मी तिला नोंदणीकृत सल्लागाराकडे पाठवलं. उत्तर स्वच्छ मिळालं: शाळेचं मोफत जेवण ‘पब्लिक फंड्स’च्या व्याख्येत येत नाही, सुट्टीतला क्लबही नाही. उलट अशा व्हिसावरच्या कुटुंबांना वेगळ्या उत्पन्नमर्यादेवर फ्री स्कूल मील मिळू शकतं. लंडनबाहेर एक मूल असेल तर तेव्हा ती वर्षाला २२,७०० पौंड होती. ही भीती मनात ठेवून कित्येक जण शाळेचा फॉर्मच भरत नाहीत. आपल्या माणसांनी हे ऐकीव माहितीवर सोडू नये असं मला फार वाटतं.

दुसरी भीती माणसांची. ‘मंडळातल्या कुणाला कळलं तर?’ आणि मग अगदी हळू: ‘ईश्वरीला मी सांगून ठेवलंय, कुणाला बोलू नकोस म्हणून.’

ईश्वरीला मी एकटीला भेटले. क्लबला का जायचं नाही, असं विचारलं नाही. असा प्रश्न मुलांना उलटतपासणीसारखा वाटतो. कागद पुढे केला आणि म्हटलं, तो हॉल कसा असेल ते काढ बघू. तिनं मोठा चौकोन काढला, त्यात एक लांब टेबल आणि खूप डोकी. मग दाराजवळ, कोपऱ्यात, एक छोटं टेबल. त्यावर एकच डोकं.

‘हे कोण?’

‘मी. हे फ्रीवाल्यांचं टेबल.’

‘असं वेगळं टेबल असतं, कुणी सांगितलं तुला?’

‘कुणी नाही. पण आई सांगायचं नाही म्हणाली. सांगायचं नसतं ते वाईट असतं ना?’

माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांचं ‘नाही’ असंच असतं. ते क्लबला नसतं. घरातल्या कुजबुजीवरून मुलानं उरलेली गोष्ट स्वतः रचलेली असते, आणि ती खऱ्यापेक्षा पुष्कळ वाईट असते. त्यामुळे जबरदस्ती करू का, या प्रश्नावर माझं उत्तर ठरलेलं आहे: नको, आधी तिनं काय रचलंय ते ऐका.

त्यानंतरचं पहिलं काम स्वातीचं होतं. एकच वाक्य मी तिला माझ्यासमोर मोठ्यानं म्हणायला लावलं: ‘बाबांचं काम सध्या कमी आहे, म्हणून या सुट्टीत आपल्याला क्लबचे पैसे पडणार नाहीत.’ पहिल्या वेळी ती ‘पैसे’पाशी अडखळली, दुसऱ्या वेळी रडली. तिसऱ्या वेळी आवाज खाली गेला नाही. आठ वर्षांच्या मुलीला एवढं खरं पुरतं. कर्ज, भाडं, नवऱ्याबायकोची भांडणं तिच्यापर्यंत पोचायची गरज नाही.

मग आम्ही क्लबला फोन लावला, स्पीकरवर, ईश्वरीसमोर. पैसे भरून येणारी मुलंही असतात का? असतात. हजेरीत कोडवाल्या मुलांपुढे काही खूण असते का? नाही, नुसती नावं. जेवायला सगळे एकत्र? एकत्र. सगळ्याच ठिकाणी अशी सरमिसळ नसते, काही क्लबांत फक्त कोडवालीच मुलं असतात. म्हणून हे विचारून घेतलेलं बरं. खाण्याचंही तसंच. मुलांचा आहार, अ‍ॅलर्जी, धर्म यांचा विचार करणं क्लबांवर बंधनकारक आहे, पण नुसतं ‘व्हेजिटेरियन’ सांगितलं तर त्यात अंडं धरलं जातं. ईश्वरीच्या घरी अंडं चालत नाही. तेही सांगितलं, आणि जेलीच्या गोळ्यांतल्या, प्राण्यांपासून बनणाऱ्या जिलेटिनचंही.

नवरा शेवटपर्यंत घुटमळत होता. ‘आपण काय उपाशी आहोत का?’ उपाशी नव्हतेच. पण सहा आठवड्यांची सुट्टी म्हणजे घरच्या खर्चात वाढलेली तीस दुपारची जेवणं, आणि पोरीसाठी सहा आठवड्यांचा एकटेपणा. तो मँचेस्टर युनायटेडचा चाहता निघाला. त्या संघाच्या मार्कस रॅशफर्ड या फुटबॉलपटूनं, आपण लहानपणी शाळेच्या मोफत जेवणावर वाढलो, हे जगासमोर सांगितलं आणि २०२० मध्ये खासदारांना खुलं पत्र लिहून सुट्टीतल्या जेवणाचा निर्णय सरकारला बदलायला लावला. हे त्याला माहीत होतं. स्वतःच्या घराशी त्यानं ते कधी जोडलं नव्हतं. त्यावर तो काही बोलला नाही. पहिल्या दिवशी ईश्वरीला सोडायला मात्र तोच गेला.

पहिला दिवस बरा गेला नाही. तिनं जेवण चिवडलं, घरी येऊन गप्प बसली. दुसऱ्या दिवशी नाही म्हणाली. स्वातीचा घाबरून फोन आला. मी म्हटलं, आज राहू दे, उद्या फक्त विचारा. तिसऱ्या दिवशी ती गेली, कारण रंगवायला ठेवलेलं मातीचं भांडं वाळलं असणार होतं. सोळा दिवसांपैकी अकरा दिवस ती गेली. पाच दिवस घरी राहिली, त्याचं मला काही वाटलं नाही.

डिसेंबरमध्ये स्वाती भेटली तेव्हा तिनं सांगितलं: परवा बसमध्ये, वरच्या मजल्यावर, शेजारी आपल्याच मंडळातल्या एक काकू बसलेल्या, आणि ईश्वरीनं खणखणीत आवाजात विचारलं, ‘आई, ख्रिसमसच्या क्लबचा कोड आला का?’

‘मग?’ मी विचारलं.

‘मी आधी काकूंकडे पाहिलं,’ स्वाती म्हणाली. ‘मग म्हटलं, हो, आलाय.’