ग्राफिक ‘फुटलंय’ की नुसतंच खोटं दिसतंय?

प्रश्न असा आलाय : सुपरहिरोचा नवा पिक्चर बघून बाहेर पडताना मित्र म्हणाला, “शेवटच्या मारामारीत ग्राफिक फुटलंय राव”, दुसरा म्हणाला फुटणं फोटोचं असतं, ग्राफिकचं नसतं, तर बरोबर कोण, आणि व्हीएफएक्सला, म्हणजे पिक्चरमध्ये शूटिंगनंतर कॉम्प्युटरवर घातलेल्या करामतींना, मराठीत नेमकं काय म्हणायचं, आणि ते ‘चांगलं झालंय’ लिहायचं की ‘चांगले झालेत’?

माझ्या मते दुसरा बरोबर आहे. आपण सगळ्याच दोषांना एकच शब्द लावतो आणि मग पिक्चरमध्ये नेमकं काय बिघडलं तेच समोरच्याला कळत नाही.

आधी ‘फुटणं’ घ्या. कोल्हापुरात हा शब्द कुठल्याही फ्लेक्सवाल्याकडे दिवसभर कानावर पडतो. वाढदिवसाचा बोर्ड करायचाय, कार्यकर्ता व्हॉट्सॲपवर आलेला फोटो पुढं ढकलतो आणि डिझायनर म्हणतो, “मोठा केला की फुटतोय, ओरिजनल पाठवा, डॉक्युमेंट करून पाठवा.” फोटोत मुळात ठिपकेच कमी असतात, ते ताणून दहा फुटी बोर्डावर पसरले की गालाच्या कडेला पायऱ्या दिसायला लागतात, हे झालं फुटणं. व्हिडिओतही तेच होतं, फक्त कारण बहुतेक वेळा वेगळं असतं, फाइल बारीक करताना चित्राचे छोटे छोटे चौकोन पाडून त्यातली माहिती दाबलेली असते, नेट मंद झालं किंवा धूर, पाऊस, स्फोट असं सगळं एकदम हलायला लागलं की ते चौकोन उघडे पडतात. म्हणजे फुटणं हा चित्राच्या दर्जाचा दोष झाला, व्हीएफएक्स करणाऱ्यांचा त्यात काही संबंध नसतो, एकदम साध्या घरगुती सीनमध्ये दोन माणसं चहा पीत बसलेली असली तरी चित्र फुटू शकतं.

आणि थिएटरमध्ये सहसा असं फुटत नाहीच. तिथं 2के म्हणजे 2048 बाय 1080 ठिपके, 4के म्हणजे 4096 बाय 2160, सरळ चौपट. चौपट ठिपके रंगवायचे म्हणजे कॉम्प्युटरचा वेळ आणि पैसा पण तसाच वाढतो, म्हणून कितीतरी मोठ्या पिक्चरचे इफेक्टचे शॉट 2केमध्येच करून नंतर 4केला वाढवलेले असतात. बारकाईनं बघणाऱ्याला असा शॉट जरा मऊ वाटेल, पण त्याला फुटलेला म्हणता येणार नाही.

आता दुसरा दोष, आणि तुमचा मित्र बहुतेक ह्याच्याबद्दल बोलत होता. 2017 चा जस्टिस लीग आठवा. काही सीन नंतर परत शूट करायचे होते आणि सुपरमॅन झालेल्या हेन्री कॅव्हिलनं तोवर मिशन इम्पॉसिबलसाठी मिशी ठेवलेली होती, ती काढायला परवानगी नव्हती, मग मिशीसकट शूट केलं आणि कॉम्प्युटरवर मिशी पुसून तिथं नवा ओठ बसवला. चित्र एकदम स्वच्छ, कुठं एक चौकोन नाही, तरी तो बोलायला लागला की नजर ओठावरच जाते, वरचा ओठ सुजल्यासारखा, गालाबरोबर हलतच नाही. ह्याला फुटलंय कसं म्हणायचं? इथं ‘जोड दिसतो’. शिंपी आणि सुतार हा शब्द रोज वापरतात आणि इथं तो चपखल बसतो, कारण व्हीएफएक्सचं निम्मं काम जोडकामच आहे, खरा नट, खोटं आकाश, खोटी आग, ह्या सगळ्यांवर उजेड एकाच बाजूनं पडला पाहिजे, सावली जमिनीला टेकली पाहिजे, पडणाऱ्या माणसाला वजन पाहिजे. आणि जे जमलंय त्याला आपल्याकडं ‘बेमालूम’ हा इतका सुंदर शब्द आहे, कळूच न देणारा, आणि परीक्षण लिहिणारे तो का वापरत नाहीत ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

बाकीचे पटकन सांगतो. थ्रीडीचा चष्मा लावला की डोळ्यापर्यंत उजेड निम्म्याहून कमी पोचतो, त्याला ‘पिक्चर काळा दिसतोय’ म्हणतात तेच ठीक. सेकंदाला 24 चित्रं असतात, त्यात जोरात फिरवलेला हात ओढल्यासारखा दिसतो, तो ‘फराटा’, आणि तो दोष नव्हे, तो नसेल तर उलट हालचाल झटके खाल्ल्यासारखी वाटते. रात्रीच्या आकाशात टीव्हीवर जे करडे पट्टे दिसतात त्यांना ‘पट्टे पडलेत’ म्हणा, रंगाच्या छटा कमी पडल्या की ते होतं.

व्हीएफएक्सला ‘दृश्यपरिणाम’ हा शब्द आहे आणि लेखात तो चांगला वाटतो, बोलताना मात्र व्हीएफएक्सच म्हणा. जुनी माणसं ‘ट्रिकसीन’ म्हणायची, तोही मला फार आवडतो, आणि आपल्या गावाला तर तो शोभतोच, इथल्याच बाबुराव पेंटरांनी 1920 साली सैरंध्री हा मूकपट काढला तेव्हा भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला की सेन्सॉरनं तो कापायला लावला. कॉम्प्युटर नाही, काही नाही, आणि तरी बेमालूम!

व्याकरणाचं पण विचारलंय तर, इफेक्ट पुल्लिंगी, म्हणून व्हीएफएक्स अनेकवचनी, ‘चांगले झालेत’ असं लिहा, ‘चांगलं झालंय’ बोलण्यात चालतं. ग्राफिक नपुंसकलिंगी, ते ग्राफिक, ती ग्राफिक्स. मित्राला विचारा, खलनायकाचा चेहरा चौकोनी चौकोनी झाला होता का अंगावर नंतर बसवल्यासारखा वाटत होता. चौकोनी असेल तर थिएटरवाल्याला सांगायला पाहिजे, बसवल्यासारखा असेल तर ‘शेवटच्या मारामारीत जोड दिसतो’ असं लिहा.