भूक आहे, पण घास जात नाही

प्रश्न : माझे मिस्टर ५१ वर्षांचे. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता ३३ पैकी १८ रेडिएशन झालीत, आठवड्याला एक केमो असतो. तोंड आतून सोललं आहे. वरण-भात अगदी मऊ करून देते, तरी ताट सरकवतात. मग माझा आवाज चढतो, ते उठून जातात. महिनाभरात वजन ६२ वरून ५७ किलोवर आलं. हा हट्ट आहे की खरंच जात नाही?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

(त्याच कागदाच्या मागे पतीने लिहिलं आहे : भूक लागते, पण गिळायचं म्हटलं की अंगावर काटा येतो. सगळं पुठ्ठ्यासारखं लागतं. हे किती दिवस चालणार? आणि किरण लागतील म्हणून आईने माझं अंथरूण हॉलमध्ये टाकलंय, मुलीलाही जवळ येऊ देत नाही. ते खरं आहे का?)

उत्तर : आईंची शंका आधी निकालात काढू. बाहेरून मशीनने दिलेल्या रेडिएशनचे किरण मशीन बंद होताच संपतात, अंगात काही उरत नाही. मुलीने खुशाल कुशीत बसावं. अंथरूण खोलीत परत न्या, फक्त उशाशी दोन उशा आणि पाण्याची बाटली ठेवा. सांभाळायचं आहे ते केमोनंतरचे ४८ तास. तेव्हा लघवी-उलटी साफ करताना हातमोजे घाला, फ्लश दोनदा करा, शरीरसंबंध असेल तर निरोध वापरा. उलट सर्दी-तापाचं माणूस त्यांच्याजवळ येऊ देऊ नका.

आता ताटाचं. हट्ट नाही हा. तोंडाचं आतलं अस्तर सतत नव्याने बनत असतं आणि रेडिएशन नेमकं ते बनणं अडवतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जखमा दिसू लागतात. शेवटच्या रेडिएशननंतरही एक-दोन आठवडे त्रास वाढतो, मग जखमा हळूहळू भरत येतात. ‘३३ झाले की जेवतील’ असा हिशोब धरलात तर त्याच दिवशी नवं भांडण होईल. चव परतायला काही महिने लागतात, लाळेला त्याहून जास्त.

बहुतेक घरांत क्रम चुकतो. आधी ताट, मग नकार, मग दुखण्याची गोळी. हा क्रम उलटा करा. डॉक्टरांनी दिलेलं वेदनाशामक जेवणाच्या साधारण अर्धा-पाऊण तास आधी द्या. बधिर करणारं लिग्नोकेन जेल दिलं असेल तर ते जेवणाच्या दहा मिनिटं आधी, सांगितलं असेल तसं. तोंड बधिर असताना चटका कळत नाही, ठसकाही लवकर लागतो. म्हणून अन्न गार किंवा कोमट, ताठ बसून, छोटे घोट. पॅरासिटामॉल देण्याआधी ताप मोजा, नाहीतर तो झाकला जातो. मेडिकलमधून आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅकच्या गोळ्या परस्पर आणू नका, सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असलेल्यांच्या किडनीला त्या महागात पडतात. एवढ्यानेही भागत नसेल तर मॉर्फिनबद्दल स्वतःहून विचारा. सवय लागेल या भीतीने उपाशी राहण्यात शहाणपण नाही. फक्त सोबत बद्धकोष्ठाचं औषध मागून घ्या.

गुळण्यांसाठी एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, एक लहान चमचा मीठ, एक लहान चमचा खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नव्हे. दिवसा दर दोन तासांनी आणि प्रत्येक खाण्यानंतर. पाणी रोज नवं करा. झोंबणारा माउथवॉश बंद. जिभेवर दह्यासारखे पांढरे चट्टे दिसले तर ती बुरशी, तिला वेगळं औषध लागतं.

खाण्यात संत्रं, लिंबू, टोमॅटो, आंबट ताक, तिखट काही दिवस नाही. सावजीचं नावही काढू नका. वरणाचं पाणी, मुगाचं पाणी, नारळपाणी यांनी पोट भरतं, वजन टिकत नाही. त्यांना दिवसाला साधारण १,७०० ते २,००० कॅलरी आणि ७० ते ८५ ग्रॅम प्रोटीन हवं. २०० मिली फुलक्रीम दुधात दोन मोठे चमचे दूध पावडर आणि एक लहान चमचा साजूक तूप घातलं की जेमतेम ३०० कॅलरी, ११ ग्रॅम प्रोटीन होतं. असे सहा-सात ग्लास, भुकेवर नाही, घड्याळावर. कधी त्याऐवजी पातळ खीर किंवा पूर्ण उकडलेलं अंडं दुधात मऊ घोटून. शुगर असेल तर आहारतज्ज्ञांना विचारून.

मात्र महिन्यात पाच किलो, म्हणजे आठ टक्के, ही घट थोडी नाही. उद्याच रेडिएशनच्या स्टाफला सांगा. रेडिएशनच्या वेळी डोकं हलू नये म्हणून घालतात तो चेहऱ्याचा मास्क सैल झाला की किरणांचा नेम चुकतो, कधी नवा बनवावा लागतो. डॉक्टर नाकातून पोटात जाणारी, पातळ अन्न देण्याची नळी सुचवतील. ती हार नव्हे. नळीने देताना पाठ ४५ अंश उचललेली, एका वेळी २०० ते २५० मिली, गाळून, पंधरा-वीस मिनिटांत. आधी-नंतर ३० ते ५० मिली पाणी, नंतर निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. नाचणीचं सत्त्व गार झालं की घट्ट होऊन नळी तुंबवतं. नाकापाशी नळीवर खूण करा. खूण सरकली किंवा खोकला आला तर काही घालू नका, तडक दवाखान्यात जा. नळी असली तरी पाण्याचे घोट चालूच ठेवा, नाहीतर गिळण्याचे स्नायू आळशी होतात. जबडा उघडण्याचा व्यायामही सांगितला असेल तसा रोज. खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाने) आधीच आखडलेला असेल तर दुप्पट मन लावून. आणि खर्रा लपून चालू असेल तर ते डॉक्टरांना खरं सांगा.

तुम्ही दोघांनी एक वही करा. बोलणं दुखतं, म्हणून त्यांनी वेदना शून्य ते दहा आकड्यात लिहायची, तुम्ही किती मिली गेलं ते. सात किंवा वर आकडा असेल तर ताट वाढायचं नाही, औषध द्यायचं. ‘अजून एक घास’ एकदाच म्हणा. ते कठीण जाईल.

गळ्याची कातडी काळी पडते, सोलते. नागपूरच्या उन्हात सुती दुपट्टा सैल गुंडाळा. तिथे वस्तरा, बर्फ, हळद नको.

ताप १००.४ फॅरनहाइट, थंडी वाजून कापरं, तोंडातून थांबत नसलेलं रक्त, पाणीही न जाणं, दिवसभर लघवी अगदी कमी, किंवा कानात शिट्टी वाजणं. यातलं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. ताप असेल तर रात्रीसुद्धा निघा.