लोक बघतात, छान म्हणतात आणि पुढे जातात

प्रश्न: मी क्रोशाच्या पिशव्या नि पर्स बनवून बाजारात स्टॉल लावते. कौतुक सगळे करतात पण घेणारे कमी, आणि एकदा घेतलेलं गिऱ्हाईक परत दिसत नाही. जाहिरातीला पैसे नाहीत, काय करू?

उत्तर: ताई, आधी एक करा, स्टॉलवर रिकाम्या हाताने बसू नका. सुई हातात घ्या, अर्धी झालेली पिशवी मांडीवर असू द्या, कारण टाका पडताना दिसला की माणूस थांबतोच आणि हे किती दिवसात होतं असं विचारतो, तिथून बोलणं सुरू होतं. किंमत प्रत्येक वस्तूवर लिहा, विचारायला लाजणारे खूप असतात आणि ते गपचूप निघून जातात हो!

आता परत येण्याचं. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कॅटलॉग बनतो आणि चॅटचा क्यूआर कोडही मिळतो, तो छापून स्टॉलवर लावा, आणि पिशवीला बांधायच्या छोट्या पुठ्ठ्यावर नाव-नंबर लिहा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पण प्रत्येकाला वेगळा जातो त्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज पोचतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, म्हणून पैसे घेतानाच सेव्ह करायला सांगा. रोज गुड मॉर्निंग मात्र नको, लोक ब्लॉक करतात. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी दोन फोटो, तेही खिडकीच्या उजेडात काढलेले, आणि उद्या कुठे बसणार ते. बास. शेजारच्या स्टॉलवाल्यांशी बोलून एकमेकांची कार्डं ठेवलीत तर अजून चांगलं.